विमान देखभाल अभियंता परवाना: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोपाचं विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झालं आणि मला येणाऱ्या फोनांचा सूर बदलला. आधी लोक ‘विमानतळावर कुठे लावून देता येईल का’ विचारायचे. आता पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आईबाप ‘मुलाला एएमई करायचंय, पहिलं पाऊल काय’ असं विचारतात. मी स्वतः परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे आणि बऱ्याच रात्रपाळ्या विमानाच्या पोटाखाली उभं राहून काढल्या आहेत. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. एएमई म्हणजे विमानाचा मेकॅनिकच ना?

हातातलं काम बरंचसं तेच असतं: पाना, टॉर्क रेंच, टॉर्च आणि मॅन्युअल. फरक सहीचा आहे. काम संपल्यावर ‘हे ठरलेल्या पद्धतीने झालं आहे, विमान सेवेत द्यायला हरकत नाही’ असं कोणीतरी लेखी प्रमाणित करावं लागतं. त्याला सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस म्हणतात, आमच्या बोलण्यात सीआरएस. परवाना नसलेला तंत्रज्ञ चाक बदलू शकतो, पण सीआरएसवर सही करू शकत नाही. सही करणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक विमानाच्या नोंदीत राहतो. पुढे काही घडलं तर चौकशी त्या नावापर्यंत पोचते.

२. परवाना देतं कोण? विमानतळ चालवणारी कंपनी, नौदल की दिल्ली?

दिल्ली. सफदरजंग विमानतळासमोर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं मुख्यालय आहे. परवाना तिथल्या अधिकाराखाली मिळतो. मोपा खाजगी कंपनी चालवते. दाबोळीत नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर नागरी टर्मिनल आहे आणि ते विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. परवान्याशी यांपैकी कोणाचाच संबंध नाही.

कायद्याबद्दलही विचारतात. १९३४चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आणि तो १ जानेवारी २०२५पासून लागू आहे. त्यामुळे आधी मिळालेले परवाने रद्द झालेले नाहीत. रोजच्या कामात आमचा संबंध येतो तो नागरी विमान वाहतूक आवश्यकतांशी, म्हणजे सीएआरशी. सीएआर-६६ परवान्यासाठी, सीएआर-१४७ प्रशिक्षण संस्थांसाठी आणि सीएआर-१४५ देखभाल करणाऱ्या संस्थांसाठी. हे तीन आकडे पाठ करून ठेवा, पुढे सारखे लागतील.

३. बारावीला कोणते विषय हवेत? वय आणि मेडिकलचं काय?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, किंवा अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स केलेली मुलं म्हणूनच या वाटेला येऊ शकतात.

परवान्यासाठी वय किमान १८ हवं. सीएआर-१४५ संस्थेत विमान प्रमाणित करण्यासाठी मात्र २१ पूर्ण लागतं. हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात.

पायलटसारखी क्लास वन वैद्यकीय तपासणी लागत नाही. प्रवेशाच्या वेळी एमबीबीएस डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि त्यात रंगांधळेपणा पाहिला जातो. वायरींचे रंग ओळखायचे असतात, त्यामुळे ही तपासणी फी भरण्याच्या आधीच करून घ्या. पुढे नोकरीत मद्यप्राशनासाठी श्वास-तपासणी होते. काल लग्नाला गेलो होतो ही सबब तिथे चालत नाही.

४. मुलगी मराठी माध्यमातून शिकली आहे. इंग्रजी झेपेल का?

झेपेल, पण टाळता येणार नाही. परीक्षा इंग्रजीतच असते. शिवाय ज्या भाषेत तांत्रिक कागदपत्रं आहेत ती वाचता, लिहिता आणि बोलता आली पाहिजे, असा नियमच आहे.

धीर देणारी गोष्ट अशी की विमानांची मॅन्युअलं ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाच्या आखून दिलेल्या इंग्रजीत लिहितात. तिच्या शब्दकोशात सामान्य वापराचे साधारण ९०० शब्द आहेत, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ आहे आणि वाक्यं छोटी असतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसानेही चुकीचा अर्थ लावू नये यासाठीच ती घडवली आहे. वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचताना अडखळणारी मुलंही मॅन्युअल नीट वाचतात, हे मी पाहिलं आहे. बारावीच्या सुट्टीत मुलीला रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि अर्थ मराठीत किंवा कोकणीत सांगायला सांगा.

५. बी१ घ्यावं की बी२? आणि ए, सी म्हणजे काय?

बी१ म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत प्रणाली. त्याचे उपप्रकार असे: बी१.१ टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.२ पिस्टन इंजिनाची विमानं, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स: दळणवळण, दिशादर्शन, ऑटोपायलट, विद्युत प्रणाली. ए प्रकारात ठरावीक सोपी कामं प्रमाणित करता येतात, तीही स्वतः केलेलीच. सी मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सेवेत देण्यासाठी असतो आणि तो अनुभवानंतर मिळतो. सुरुवातीला त्याचा विचार नको.

निवड आवडीवर करा. घरातला मिक्सर उघडताना मुलगा मोटर पाहतो की सर्किट, हे आईला बरोबर माहीत असतं. ‘बी१ला मागणी जास्त’ एवढ्यावर निर्णय घेऊन ज्याचा जीव इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे त्याला इंजिनाकडे ढकललेलं पाहिलं की वाईट वाटतं.

६. परीक्षा कशी असते?

विषयांना मॉड्यूल म्हणतात. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, डिजिटल तंत्र, साहित्य आणि हार्डवेअर, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, मानवी घटक आणि विमान कायदा ही पहिली दहा. त्यावर बी१.१साठी मॉड्यूल ११, १५ आणि १७ (विमानाची रचना व प्रणाली, गॅस टर्बाइन इंजिन, प्रोपेलर), तर बी२साठी १३ आणि १४. प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा सोडू नका.

मुलं ७ आणि ९ हलक्यात घेतात. गणितात अडकलेला पुन्हा बसतो आणि सुटतो. देखभालीच्या पद्धती आणि मानवी घटक हे विषय मात्र पुढची तीस वर्षं रोज लागतात.

७. कोर्स झाला, सगळी मॉड्यूल सुटली. आता परवाना मिळेल ना?

लगेच नाही. माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो तो हाच मुद्दा. परवान्यासाठी चालू विमानांवरचा देखभालीचा अनुभव लागतो आणि तो किती, हे तुम्ही कोणत्या वाटेने आलात त्यावर ठरतं.

बी१.१, बी१.३ आणि बी२साठी सीएआर-१४७ मान्यतेचा मूलभूत कोर्स केला असेल तर २ वर्षं. संबंधित तांत्रिक व्यवसायात कुशल कामगार म्हणून मान्य प्रशिक्षण झालं असेल तर ३ वर्षं. यांपैकी काहीच नसेल तर ५ वर्षं. ए, बी१.२ आणि बी१.४साठी हेच आकडे अनुक्रमे १, २ आणि ३ वर्षं असे आहेत.

हा अनुभव लॉगबुकात नोंदवायचा असतो: तारीख, विमान, काम, देखरेख करणाऱ्याची सही. नोंद त्याच दिवशी करा. महिनाअखेरीस आठवून भरलेलं लॉगबुक ओळखू येतं, कारण त्यात सगळे दिवस सारखे दिसतात. न केलेलं काम नोंदवणं तर गुन्हाच. त्यावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. विमानाच्या नोंदीत सापडत नसलेलं काम तुमच्या लॉगबुकात असेल तर सांगणार काय?

८. एजंट म्हणतो ‘शंभर टक्के नोकरी, डीजीसीए मान्यता आहे’. खरं कसं ओळखायचं?

इथे घाई करू नका. काही पालक कोर्ससाठी शेत गहाण टाकतात, सोनं मोडतात. माझ्या ओळखीच्या एका घराने दोन वर्षांची फी भरली आणि मग कळलं की संस्थेकडे मान्यता होती, पण मुलगा शिकत होता त्या प्रकारासाठी नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत. त्यापेक्षा मुलाची गेलेली दोन वर्षं मला जास्त लागली.

मान्य संस्थांची यादी डीजीसीए स्वतः प्रसिद्ध करते. त्या यादीत नाव आहे का ते पाहा. मान्यतापत्राची मुदत पाहा. त्यात बी१.१ लिहिलं आहे की बी२, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. संस्था ‘दाखवतो’ म्हणून टाळत असेल तर उठून या. बी१.१ किंवा बी२चा मान्य मूलभूत कोर्स २४०० तासांचा असतो. ‘एका वर्षात उरकून देतो’ म्हणणारा काहीतरी दुसरंच विकतो आहे. प्रत्यक्ष कामाचा भाग चालू विमानांवर कुठे होतो, कोणत्या सीएआर-१४५ संस्थेशी लेखी करार आहे, हेही विचारा. आवारात उभं असलेलं जुनं, उडत नसलेलं विमान फोटोत छान दिसतं, पण तेवढ्याने भागत नाही.

नोकरीची हमी परवानाही देत नाही, तर संस्था कुठून देणार?

९. मी मोपावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे. माझी वर्षं अनुभवात धरतील का?

नाही. सामान चढवणं, पुशबॅक, शिडी लावणं ही जबाबदारीची कामं आहेत, पण ती विमानाची देखभाल नव्हे. अनुभव म्हणून धरतात ते सीएआर-१४५ मान्यतेच्या संस्थेत, परवानाधारकाच्या देखरेखीखाली केलेलं देखभालीचं काम.

तरीही तुमची जागा वाया गेलेली नाही. विमानतळ प्रवेशपत्र, पोलीस पडताळणी, ॲप्रनची, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेची शिस्त हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. विमान कंपनीच्या अभियांत्रिकी विभागात तंत्रज्ञ किंवा मदतनीसाची जागा निघाली की अर्ज करा. तिथे लागलात की प्रश्न ७मधली ५ वर्षांची वाट मोजायला सुरुवात होते आणि मॉड्यूल नोकरी करता करता देता येतात. लांबची वाट आहे, पण तिच्यात कर्ज नाही. या वाटेने आलेल्यांचे हात फार चांगले असतात.

१०. परवाना हातात आला तरी कंपनी सही करू देत नाही. हा अन्याय नाही का?

नाही, दोन पायऱ्या उरल्या आहेत. पहिली टाइप रेटिंग. कोऱ्या परवान्यावर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ प्रमाणित करता येत नाही. त्या विमानाचं आणि त्याच्या इंजिनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्या प्रकारातलं तुमचं पहिलं विमान असेल तर प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षणही. मग परवान्यावर त्या टाइपची नोंद होते. इंजिन वेगळं म्हणजे रेटिंग वेगळं: सीएफएम५६चं जुनं ए३२० आणि लीप इंजिनाचं ए३२०निओ एकच धरत नाहीत.

दुसरी पायरी कंपनीच्या अधिकारपत्राची. सीएआर-१४५ संस्था आपल्या पद्धतीने तुम्हाला तपासते आणि मगच अधिकार देते. परवाना तुमचा असतो, अधिकारपत्र त्या कंपनीपुरतं. नोकरी बदलली की परवाना सोबत येतो, अधिकारपत्र तिथेच राहतं.

११. एटीआरला पंखे असतात, मग त्याला पिस्टनचा परवाना लागतो का?

गोव्याच्याच कंपनीची एटीआर ७२ विमानं मोपावरून उडायला लागल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. एटीआरचा प्रोपेलर टर्बाइन इंजिन फिरवतं, म्हणून ते बी१.१मध्ये येतं. उलट, फ्लाइंग स्कूलमधलं सेसना १७२ पिस्टनचं आहे. नुसता बी१.१ असलेला अभियंता ते प्रमाणित करू शकत नाही. त्याला बी१.२ हवा, म्हणजे मॉड्यूल १६ (पिस्टन इंजिन) आणि त्या प्रकारातला अनुभव.

१२. आयएनएस हंसावरून निवृत्त होतोय. नौदलातली वर्षं फुकट जातात का?

चिखली-वास्कोकडून हा प्रश्न दर वर्षी येतो. वर्षं फुकट जात नाहीत. नागरी क्षेत्राबाहेरचा देखभालीचा अनुभव समकक्ष असेल तर धरला जातो. त्यावर नागरी विमानांवरचा जादा अनुभव घ्यावा लागतो, कारण कागदपत्रांची आणि जबाबदारीची पद्धत वेगळी असते. मॉड्यूल परीक्षा द्याव्या लागतात. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीच सुरुवात करा आणि सेवेतल्या कामाचा तपशीलवार दाखला बाहेर पडण्याआधी घ्या. नंतर त्यासाठी फार फेऱ्या होतात.

अडचणीचा भाग नौदलाच्या पी-८आय या सागरी गस्ती विमानावर काम केलेल्यांचा. ते विमान बोइंग ७३७-८००वर बेतलेलं आहे, इंजिनही सीएफएम५६ घराण्याचं. म्हणून ७३७चं टाइप रेटिंग आपोआप मिळेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. आधी मूलभूत परवाना, मग नागरी ७३७चं प्रशिक्षण. शिकताना तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढे असाल, एवढाच फायदा. तोही कमी नाही.

१३. बीटेक एरोनॉटिकल केलंय. थेट परवाना?

नाही. ती पदवी विमानाची रचना शिकवते, परवाना देखभालीचा आहे. मॉड्यूल आणि अनुभव दोन्ही लागतात. अनुभवाचे आकडे प्रश्न ७मध्ये.

१४. उशीर होतोय म्हणून ‘सही कर’ असा दबाव आला तर?

आधी नियम समजून घ्या. प्रत्येक बिघाडाला विमान थांबत नाही. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, म्हणजे एमईएल, सांगते की कोणती गोष्ट बंद असताना, कोणत्या अटीवर आणि किती दिवस विमान उडू शकतं. बी वर्गाच्या बिघाडाला ३ दिवस, सीला १०, डीला १२०. नोंद केलेला दिवस सोडून. म्हणून ‘नाही’ म्हणण्याआधी एमईएल उघडा. बऱ्याचदा वाट असते. यादीत वाट असली तरी हवामान पाहून कॅप्टन ते विमान नाकारू शकतो. तो त्याचा हक्क आहे, त्यावर रागावू नये.

पण एमईएल परवानगी देत नसेल, किंवा काम तुम्ही पाहिलेलं नसेल, तर सही करायची नाही. आवाज न चढवता कारण टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत लिहा आणि मेंटेनन्स कंट्रोलला कळवा.

१० जून १९९०ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० उड्डाणात कॉकपिटची काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, तो वाचला. काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास कमी होता. भागांच्या यादीत क्रमांक न पाहता जुन्या बोल्टाशी डोळ्यांनी ताडून नवे निवडले होते. काम करणारा माणूस आळशी नव्हता, अनुभवी होता. रात्र होती, माणसं कमी होती, काम उरकायचं होतं. मी नव्या मुलांना हा प्रसंग पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण अशी रात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते.

१५. गोव्यात काम करताना वेगळं काही बघावं लागतं का?

हो. दाबोळीचा पठार समुद्राला लागून आहे आणि खारी हवा ॲल्युमिनियमची शत्रू आहे. चाकांच्या खोबणीत, बिजागरांत, वायरींच्या जोडणीत गंज लपून बसतो. २८ एप्रिल १९८८ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७चं छत उड्डाणात उचकटून गेलं आणि एका हवाईसेविकेचा जीव गेला. ते विमान बेटांमध्ये खाऱ्या हवेत छोट्या फेऱ्या मारत आलं होतं आणि त्याने ८९,६८० उड्डाणचक्रं पूर्ण केली होती. पत्र्याच्या जोडांमधला चिकटा सुटला, गंज शिरला आणि रिव्हेटांच्या रांगेत भेगा जुळत गेल्या. म्हणून गंजाची पुटकुळी दिसली की ‘रंग उडालाय’ म्हणून पुढे जाऊ नका.

जून ते सप्टेंबर विजेचा तडाखा लागलेली विमानं येतात. पायलटने नोंद केली की मॅन्युअलच्या ०५-५१ विभागातली तपासणी करायची. वीज कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली, अशा दोन्ही खुणा शोधायच्या: नाक, पंखांची टोकं, शेपटी, स्टॅटिक डिस्चार्जर (साठलेली स्थिर वीज हवेत सोडणाऱ्या काड्या). शिरल्याची खूण सापडली आणि बाहेर पडल्याची नाही, तर शोध संपलेला नाही. धो धो पावसात, रेनकोटात, शिडीवर चढून हे करावं लागतं.

१६. बाळंतपणासाठी दीड वर्ष सुट्टी झाली. परवाना गेला का?

परवान्याची मुदत ५ वर्षांची असते आणि ती सुट्टीने संपत नाही. अधिकार वापरण्यासाठी मात्र मागच्या २४ महिन्यांत किमान ६ महिन्यांचा देखभालीचा अनुभव हवा. सुट्टीच्या आधीचे सहा महिने अजून त्या २४ महिन्यांच्या खिडकीत बसतात का, ते तारखा मांडून बघा. बसत नसतील तर दुसऱ्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करून ते भरून काढता येतात. अधिकारपत्राचं कंपनीशी वेगळं बोला (प्रश्न १०).

१७. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. युरोपचा परवाना सोपा होईल का? आणि दुबईला भारतीय परवाना चालतो का?

युरोपचा पार्ट-६६ परवाना नागरिकत्वावर मिळत नाही; परीक्षा आणि अनुभवावर मिळतो. सीएआर-६६ त्याच्याच धर्तीवर आहे, म्हणून अभ्यास ओळखीचा वाटेल, पण डीजीसीएची मॉड्यूल तिथे तशीच धरत नाहीत. पासपोर्टाने राहण्याचा आणि नोकरीचा प्रश्न सुटतो, परवान्याचा नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपतं, हे घरात बसून आधी बोला.

आखातातल्या प्रत्येक देशाचं प्राधिकरण आणि नियम वेगळे आहेत. भारतीय परवाना अर्जाचा भक्कम पाया ठरतो, पण तिथल्या नोंदणीच्या विमानावर सही करायला तिथली मान्यता लागते. टाइप रेटिंग आणि नीट ठेवलेलं लॉगबुक या दोन गोष्टी सगळीकडे विचारतात.

१८. सगळं करून गोव्यातच राहता येईल का?

सुरुवातीला बहुधा नाही. मोपा आणि दाबोळीला मुख्यतः लाइन मेंटेनन्स चालतो: विमान आलं, तपासलं, बिघाड काढला, रवाना केलं. विमान उघडून महिनाभर चालणाऱ्या मोठ्या तपासण्या नागपूर, मुंबई, हैदराबाद, होसूर अशा ठिकाणी होतात. शिकायचं तर पहिली तीन-चार वर्षं तिथे काढावीत, असं माझं ठाम मत आहे. उघडं विमान पाहिलेला माणूस लाइनवर बंद विमानातला बिघाड लवकर ओळखतो.

नंतर बदली मागून परत आलेले बरेच जण आहेत, मीही त्यातलाच. पाळी तेव्हाही सुटत नाही. चवथीच्या दिवशी सकाळच्या पाळीत नाव लागलं तर गणपतीची पूजा भाऊ करतो आणि आपण आरतीला संध्याकाळी पोचतो. मुलाला हे आधी सांगून ठेवा, आणि मुलाच्या आईलाही.